नळाच्या वेळा सांगणारी शोभा

शोभा,

तू गेलीस त्या दिवशी सकाळी नऊला पल्लवीचा फोन आला आणि अकराच्या आत मी पांढुर्ण्यात होते. पण तुझ्या घरी आले नाही. तुझ्या घराकडे डावीकडे वळायचं, मी उजवीकडे वळले. रेडिओच्या खोलीवर गेले. तिथली आताची मुलगी मला ओळखत नव्हती. मी म्हटलं, सुरुवातीच्या दिवसांचं एखादं तरी रेकॉर्डिंग द्या. ती बिचारी नम्रपणे म्हणाली, "मॅडम, तेव्हापासून दोन कॉम्प्युटर बदलले." मी ऐकलं नाही. कपाट उघडलं, वायरींचे गुंते जमिनीवर काढले, तळाशी सीड्या होत्या त्या एकेक लावून पाहिल्या. एकीत भजनं. एकीत पोलिओच्या डोसाची जाहिरात. बाकीच्या कोऱ्या. दीड तास मी ते करत बसले, आणि तुझ्या अंगणात पोचले तेव्हा तुला नेऊन झालं होतं. बाया अंगण धूत होत्या.

पल्लवीने काही विचारलं नाही. मीच म्हटलं, "गाडी नाही मिळाली गं." तुझ्या मुलीशी, तुझ्या दारात, त्या दिवशीसुद्धा मी खोटंच बोलले.

ओसरीवर बसलेल्या बाया म्हणत होत्या, "आवाज काय होता वो बाईचा!" सगळ्या माना हलवत होत्या. मला तिथून उठून पळावंसं वाटलं. कारण तो आवाज आता कुठेच नाही, आणि तो मी पुसला. तू असताना हे तुला सांगायची माझी हिंमत झाली नाही. आज तू गेल्याला सोळा दिवस झाले. आता लिहून काय होणार, मला कळत नाही. पण न लिहिता झोपही लागत नाही.

तू पहिल्यांदा रेडिओवर आलीस ती भांडायला. गावचं ते छोटं रेडिओ केंद्र सुरू होऊन पंधरवडा झाला असेल. ते चालवणाऱ्या संस्थेच्या सभागृहामागची ती अडगळीची खोली, चारी भिंतींना गावातून मागून आणलेल्या गोधड्या ठोकलेल्या, एक टेबल, दोन माइक. बोलायचं असलं की पंखा बंद करायचा, कारण त्याची घरघर माइकमध्ये शिरायची. मी शाळेत मराठी शिकवायची, आणि शाळेआधी सकाळचा एक तास रेडिओवर बसायची. त्या दिवशी मी नुकतंच "आमच्या श्रोत्यांना सुप्रभात" वगैरे म्हणून बाहेर आले, तर दारात तू. कमरेवर पाण्याचा रिकामा गुंड.

"सहा वाजता नळ येतीन असं कोणं सांगतलं?"

मी म्हटलं, "नगरपालिकेने कळवलं होतं."

"मंग नगरपालिकेनं तुमाले सांगतलं आन् तुमी आमाले. पण नळाले कोणी सांगतलंच नाई. साडेपाचपासून बसून राहिली मी. तुमचा रेडिओ खोटं बोलून राहिला, मॅडम."

कलंबेसर आतून हसत आले. रेडिओ त्यांच्याच खटाटोपाने उभा राहिला होता. लायसन्ससाठी त्यांनी दिल्लीच्या किती फेऱ्या केल्या त्याची गणती नव्हती, आणि आता बोलायला बाया मिळत नाहीत म्हणून ते हैराण होते. ते म्हणाले, "ताई, मग उद्यापासून तुम्हीच सांगा."

तुला वाटलं चेष्टा आहे. पण दुसऱ्या दिवशी तू आलीस. गुंड घरी ठेवून, डोक्यावर पदर घेऊन. येताना पाण्याच्या टाकीवरच्या माणसाला गाठून विचारून आली होतीस. माइकसमोर बसलीस आणि समोर कोणी शेजारीण उभी असावी तशी बोललीस, "शुक्रवारी वार्डातल्या बायांनो, तुमचं पाणी सात वाजता येऊन राहिलं. तवरीक सयपाक करून घ्या. स्टेशनाकडच्यांनो, तुमचं आज येत नाई, नळाजवळ बसू नका."

एवढंच. तेवढ्यावर गाव तुझं झालं.

आणि त्याच दिवशी मी तुला बाजूला घेऊन म्हटलं, "येऊन राहिलं नाही, येत आहे असं म्हणायचं. प्रसारण आहे हे."

तू म्हणालीस, "काहून? 'येत आहे' म्हटल्यानं पाणी लवकर येते का?"

हे आपलं भांडण कधी मिटलंच नाही. मी तुझ्यासाठी वहीत शुद्ध वाक्यं लिहून आणायची. तू ती वही घेऊन वारा घालायचीस, मे महिन्यात पंखा बंद करून त्या गोधड्यांच्या खोलीत दुसरं करणार काय, आणि वहीची फडफड अख्ख्या गावाला ऐकू जायची. मी चिडायची. मला खरंच वाटायचं की मध्यप्रदेशात राहून आपली मराठी आधीच हिंदीने अर्धी खाल्ली आहे, उरलेली तरी नीट बोलावी. तू म्हणायचीस, "सुमन, तू शिकवते ते पोट्टे शाळेत बोलतात. घरी आल्यावर कोणाशी बोलतीन? आमच्याशीच ना?" मी नुसता आवाज वाढवायची. मी चूक होते असं तुझ्यासमोर कधी म्हटलं नाही.

एकदा तू बोलत असताना मालगाडीचा भोंगा खोलीत घुसला. मी खुणेने थांब म्हटलं. तू थांबली नाहीस. "हे मालगाडी हाये. पॅसेंजर अजून यायची हाये, सावकाश निंघा," असं म्हणून पुढे नळांवर आलीस. त्यानंतर तिगावच्या स्टेशनावर लोक फोनवरचा रेडिओ कानाला लावून तुझी वाट पाहायचे, हे मला गार्डाच्या बायकोने सांगितलं होतं. मी ते तुला सांगितलं नाही. का सांगितलं नाही, शोभा? शाळेत शिकवणारी मी, पदवी असलेली मी. मला कोणी ओळखत नव्हतं आणि तुला भाजीवालीसुद्धा आवाजावरून ओळखायची. तू नुसतं "टमाटे कशे दिले" म्हटलंस की ती मान वर करायची. मला ते सहन होत नव्हतं. घे, हेही लिहून टाकलं.

त्या वर्षा नावाच्या पोरीची गोष्ट मात्र मी कोणालाही सांगताना तुझ्या बाजूने सांगते. फक्त तुझ्याशी बोलताना कधी तुझी बाजू घेतली नाही.

तिचा बाप तिगावहून आला होता. कोरडे डोळे, हातात अर्ज. एकोणीस वर्षांची पोरगी कालपासून घरी नव्हती. लग्न ठरलं होतं, तिला नर्सिंगचं पूर्ण करायचं होतं, त्यावरून घरात आरडाओरडा झाला होता. त्याला रेडिओवर नाव, वय, उंची, अंगावरचे कपडे, सगळं वाचून हवं होतं. मी म्हटलं, वाचू. तशी पद्धतच होती. अर्ज असला की हरवल्याची सूचना वाचायची.

अर्ज तुझ्या हातात दिला आणि माइक सुरू झाला. तू तो उलटा ठेवलास.

"आज मी एका पोरीशी बोलून राहिली," तू म्हणालीस. "नाव नाई घेत. ज्या पोरीसाठी हाये तिले समजते. बाई, जिथं हायेस तिथं आंधी जेवून घे. उपाशी राहून कोणतंच डोकं चालत नाई. घरी यायचं नसन तं नोको येऊ. पण जित्ती हाये एवढा एक फोन कर. तुया बाप इथं खुर्चीवर बसून हाये, त्यानंबी कालपासून खाल्लं नाई. तो काही बोलणार नाई, मी बोलू देत नाई. तू फक्त हाये म्हण."

बाप उभा राहिला. मला वाटलं तो तुझ्या अंगावर येतो. पण तो पुन्हा बसला आणि गोधडीला डोकं टेकून रडायला लागला. त्याचं रडणंही बाहेर गेलं, कारण माइक बंद करायचं कोणाला सुचलं नाही.

वीस मिनिटांनी फोन वाजला. वर्षा मोहगावला मैत्रिणीकडे होती. तिथे आपला रेडिओ कसाबसा, खरखरत लागायचा. ती म्हणाली, "हाये." आणि फोन ठेवला.

बाप गेल्यावर मी तुझ्याशी कडाकडा भांडले. म्हटलं, तू कोण सांगणार, घरी येऊ नको म्हणून? त्या माणसाने विश्वासाने अर्ज दिला होता. उद्या तिचं काही बरंवाईट झालं असतं तर? तू म्हणालीस, "नाव वाचलं असतं तं झालंच असतं." मी म्हटलं, "तुला काय माहीत?" तू माझ्याकडे पाहिलंस, काहीतरी बोलणार होतीस, आणि बोलली नाहीस. पदर सावरून निघून गेलीस. काय बोलणार होतीस, शोभा? तूही कधी अशी घरातून निघाली होतीस का? मी कधी विचारलं नाही. तेव्हा रागाने, मग संकोचाने, आणि मग तुला सांगताच येईना.

आता पुसल्याचं सांगते.

माझी बदली सौसरला झाली. रेडिओ सोडायच्या आधी जुनं सगळं नीट लावून ठेवायचं काम कलंबेसरांनी मला दिलं होतं. कॉम्प्युटर भरून गेला होता, मधेच अडकायचा. मला वाटलं जुन्या फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवल्या आहेत. मीच उतरवल्या होत्या, असं मला अगदी स्पष्ट आठवत होतं. तपासलं नाही. घाई होती, ट्रकवाला सामान घेऊन उभा होता. सगळं निवडलं आणि पुसलं. दोन महिन्यांनी सरांचा फोन आला की डिस्क तर रिकामी आहे. मी रडले. सर म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, जुनं ऐकायला कोण येते?" मीही तेच मनाला सांगितलं. तू तर रोज बोलतच होतीस. नवं रोज तयार होत होतं. नंतर तुझ्या नातवासाठी तू रेडिओ सोडलास, तोवरचं जे राहिलं होतं ते दुसरा कॉम्प्युटर बदलला त्याच्यासोबत गेलं. आपल्याला कोणालाच वाटलं नाही की तुझा आवाज सांभाळून ठेवायची वस्तू आहे. तो तर नळासारखा होता, उद्या सकाळी पुन्हा येणारच.

मग तुझा घसा बसला. महिनाभर तू हळदीचं दूध पीत राहिलीस. नागपूरला दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला, स्वरयंत्रच काढावं लागेल म्हटलं. आयुष्यात कधी सुपारीही न खाल्लेली बाई तू.

ऑपरेशननंतर मी एकदा आले. एकदाच. गळ्याला पांढरा रुमाल बांधून तू पलंगावर बसली होतीस आणि रुमाल श्वासासोबत आतबाहेर होत होता. मला तिकडे पाहवेना, म्हणून मी बोलत सुटले. शाळेचं, सुनेचं, संत्र्याच्या बहाराचं, पांढुर्णा जिल्हा झाल्याचं. अर्धा तास मी थांबलेच नाही. तू पाटी घेतलीस आणि लिहिलंस, "श्वास घे." आणि हसलीस. हसण्याला आवाज नव्हता. फक्त खांदे हलले. त्या दिवशी घरी परतताना मी ठरवलं की पुन्हा लवकर यायचं. आणि मनातल्या मनात कुठेतरी हेही ठरवलं की यायचं नाही.

आठ दिवसांनी तुझा मेसेज आला. "माह्या आवाजाचं जुनं काही असन तं आणजो. पल्लवीचं पोरगं दोन वर्षाचं झालं. त्याले वाटते आजी मुकीच हाये."

मी तो मेसेज स्वयंपाकघरात उभी राहून वाचला. मी तेव्हाच लिहायला हवं होतं की शोभा, नाही गं, माझ्या हातून गेलं. सहा शब्द. मी लिहिलं, "शोधते. सापडलं की घेऊन येते."

मग दर महिन्याला, कधी पंधरा दिवसांनी, तुझं एकच. "सापडलं का?" आणि माझं, "शोधून राहिले." बघ, खोटं बोलताना मला तुझी मराठी छान जमत होती. सापडल्याशिवाय कोणत्या तोंडाने यायचं, म्हणून मी येत नव्हते. दिवाळीला आले नाही. पल्लवीच्या पोराच्या वाढदिवसाला आले नाही. माझे गुडघे, शाळेची तपासणी, नवऱ्याचं बीपी. कारणं खरी होती, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

आणि एक फोन. गेल्या फाल्गुनात, दुपारी. मेसेज नाही, फोन. मी वर्गाबाहेर येऊन उचलला. पलीकडे काही नाही. नुसती हवा, शिट्टीसारखी, येणारी आणि जाणारी. आणि मी सवयीने म्हटलं, "हॅलो? हॅलो? आवाज येत नाही."

तुला म्हटलं मी. आवाज येत नाही.

तू फोन ठेवलास. मी लगेच परत लावला, तू उचलला नाहीस. त्यावर आपण कधी काही लिहिलं नाही. तू का फोन केला होतास? जिला बोलता येत नाही ती फोन का करेल? रोज सकाळी उठले की आधी हाच प्रश्न येतो आणि त्याला उत्तर द्यायला आता कोणी नाही.

तू गेल्यावर मात्र मी शोधलं. खरंखुरं. चौदा महिने जे "शोधून राहिले" म्हणत होते ते तेरा दिवसांत केलं. कलंबेसरांकडे गेले, ते आता कानाने अधू झालेत, त्यांनी नुसता माझा हात धरला. तिगावला घरोघर गेले. लोक तेव्हा रेडिओवरची गाणी फोनमध्ये भरून ठेवायचे, एखाद्याच्या जुन्या फोनमध्ये गाण्याच्या आधीमागे तुझं एखादं वाक्य राहिलं असेल असं वाटलं. लोकांनी डबे उपसले. बंद पडलेले फोन, फुगलेल्या बॅटऱ्या. एकाच्या मेमरी कार्डात चाळीस गाणी निघाली. प्रत्येक गाणं तुझं बोलणं संपताच सुरू झालेलं. माणसाने इतकं नेमकं कापलं होतं.

शेवटी मोहगावला वर्षाकडे गेले. ती आता नर्स आहे, तिथल्याच दवाखान्यात. म्हटलं, तुझ्यासाठी बोलली होती ती, तू तरी ठेवलं असशील. ती म्हणाली, "मॅडम, ऐकलं ते मैत्रिणीच्या फोनवर. मी कुठून ठेवणार?" मग हातातलं काम ठेवून तिने सगळं म्हणून दाखवलं. 'जेवून घे'पासून 'हाये म्हण'पर्यंत, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी दवाखान्याच्या बाकावर बसून ऐकलं. सगळं होतं. फक्त तुझा आवाज नव्हता. तिचा होता. मला तिचा राग आला, इतका की मी आभारही न मानता उठले. तिने रिक्षापर्यंत मला हाताला धरून आणलं.

तेरवीला मी पल्लवीला खरं सांगायचं ठरवून आले. पंगती उठल्या, भांडी घासायला गेली, तेव्हा तिला मागच्या खोलीत नेलं. म्हटलं, "बाळा, तुझ्या आईचं रेकॉर्डिंग नाही. मी शोधते म्हणाले तेव्हाही नव्हतं. मी पुसलं ते, बदलीच्या वेळी. चौदा महिने मी तिला खोटं सांगितलं."

पल्लवी खाली बसली.

"मावशी, आईले मालूम होतं."

"काय मालूम होतं?"

"कलंबेसर आले होते ना तिले पाहाले, तुमी येऊन गेल्यावर दोन-तीन महिन्यानं. तिनं त्यायलेबी मांगतलं. त्यायनं सांगून टाकलं. सुमनमॅडमच्या हातून पुसल्या गेलं, जुनं काहीच राहिलं नाई. आई नाराज नाई झाली. पोट्ट्याले घेऊन बसली होती, तशीच बसून राहिली."

मी म्हटलं, "पण ती तर मला शेवटपर्यंत विचारत होती. गेल्या महिन्यातसुद्धा."

"मीबी म्हटलं तिले. नाईच हाये तं कायले मांगतं त्यायले, त्या बिचाऱ्या परेशान होत असतीन. तं तिनं लिहून दाखवलं..." पल्लवीने डोळे पुसले. "लिहिलं का, इचारत राहिली तं कधी येईन तरी. सांगून देलं का मालूम हाये, तं ते शरमेनं येणारच नाई."

बाहेर कोणी तरी पल्लवीला हाक मारली. ती उठून गेली. मी त्या खोलीत तुझ्या पलंगावर बसून राहिले.

तू सगळं ओळखलं होतंस, शोभा. मी पुसलं ते, खोटं बोलते ते, लाज वाटते म्हणून येत नाही तेही. तुला रेकॉर्डिंग नको होतं. आणि मी हातात काही नाही म्हणून दाराशी आले नाही.

सौसरहून पांढुर्ण्याला दर अर्ध्या तासाला बस आहे. सकाळी सहापासून आहे.